रिलॅक्सेशन स्पेक्ट्रममध्ये वारंवार येणारं खोटं शिखर: कुठे शोधायचं, कसं घालवायचं

सांगली-मिरज-कुपवाड भागात रिओमीटरवर, म्हणजे मटेरियल किती ताठ राहतं आणि किती वाहतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, काम करणारी मंडळी फार नाहीत, पण जी आहेत त्यांची एक तक्रार ठरलेली आहे. फ्रिक्वेन्सी स्वीप (नमुना कमी-जास्त वेगाने हलवून घेतलेलं मोजमाप) नीट झाला, स्टोरेज आणि लॉस मोड्युलसचे (स्प्रिंगसारख्या आणि द्रवासारख्या प्रतिसादाचे) बिंदू ओळीत आले, त्यांवरून स्पेक्ट्रम काढणाऱ्या प्रोग्रामची रेघही त्या बिंदूंवरून बरोबर गेली. आणि तरी रिलॅक्सेशन स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ताण ओसरण्याच्या कालावधींच्या आलेखात, एक शिखर असं उगवलं की मटेरियलच्या दृष्टीने त्याचा काही अर्थच लागत नाही. सेटिंग जरा हलवलं की ते सरकतं. आणखी हलवलं की एकाची दोन होतात. कधी उजव्या टोकाला भिंतच उभी राहते. कुपवाड एमआयडीसीत पंपसेटचे रबर माउंट बनवणारे असोत, काकवी किंवा गवार गमच्या जेलवर प्रोजेक्ट करणारे फूड टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी असोत, नाहीतर पॉलिमरमध्ये पीएचडी करणारे, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून हाच.

बहुतेक जण लगेच प्रोग्राम बदलतात. दुसऱ्या प्रोग्राममध्ये दुसरं शिखर येतं आणि गोंधळ वाढतो. माझा सल्ला असा: प्रोग्रामला हात लावण्याआधी डेटा तपासा. अशा शिखराचं मूळ बहुतेक वेळा डेटाच्या जोडात किंवा टोकांना सापडतं, आणि ते तिथेच दुरुस्त करावं लागतं.

हे मुळात होतं का

मॅक्सवेलने १८६७ साली मांडलेल्या कल्पनेवर हे सगळं उभं आहे: ताण दिला आणि विकृती तशीच धरून ठेवली, की ताण एका ठरावीक कालावधीने ओसरत जातो. खऱ्या पॉलिमरमध्ये असा एकच कालावधी नसतो, असंख्य असतात. कोणत्या कालावधीचा वाटा किती, हे सांगणारा आलेख म्हणजे रिलॅक्सेशन स्पेक्ट्रम. स्पेक्ट्रम हातात असेल तर त्यावरून दोन्ही मोड्युलस काढणं ही नुसती बेरीज आहे. आपल्याला मात्र उलट जायचं असतं, मोड्युलसवरून स्पेक्ट्रमकडे, आणि अडचण तिथे आहे. बेरजेत प्रत्येक घटक फ्रिक्वेन्सीच्या मोठ्या पट्ट्यावर पसरतो आणि शेजाऱ्यांत मिसळून जातो. वाटलेल्या चटणीवरून कोणता दाणा पाट्यावर कुठे होता ते ओळखायला सांगावं, तसं हे काम.

आदामार या फ्रेंच गणितज्ञाने १९०२ साली चांगल्या प्रश्नाच्या अटी मांडल्या: उत्तर असावं, ते एकच असावं, आणि डेटा थोडा बदलला तर उत्तरही थोडंच बदलावं. आपला प्रश्न तिसऱ्या अटीत नापास होतो. किती नापास, ते आकड्यांत पाहा. एका नमुन्यात १००० पास्कलचा एकच घटक आहे, कालावधी १ सेकंद. दुसऱ्यात ५००-५०० पास्कलचे दोन घटक आहेत, कालावधी ०.८२ आणि १.२२ सेकंद. १ रेडियन प्रति सेकंदला पहिल्याचा लॉस मोड्युलस ५०० पास्कल येतो, दुसऱ्याचा ४९०. फरक फक्त दोन टक्के. तोच नमुना काढून पुन्हा भरला तरी मोजमापात एवढा फरक सहज पडतो. म्हणजे दीडपट अंतरावरचे दोन कालावधी वेगळे करून दाखवा, असं साध्या स्वीपला सांगणं हे त्याच्याकडून जास्तीचं मागणं आहे. एवढ्या जवळजवळ दोन शिखरं दिसली तर संशय घ्या.

पहिली तपासणी: ग्रिड हलवून पाहा

दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून सुरुवात इथून. प्रोग्राम ज्या कालावधींवर स्पेक्ट्रम शोधतो त्या ग्रिडची जी सीमा दिली असेल ती दोन्हीकडे एकेका डेकेडने, म्हणजे दहापटीने, वाढवा आणि पुन्हा चालवा. शिखर जागचं हललं नाही तर पुढच्या तपासण्यांकडे वळा. सीमेबरोबर तेही सरकलं तर ते नमुन्याचं नाही. ज्या भागाबद्दल डेटा काही सांगत नाही, तिथे प्रोग्रामने उरलेला हिशेब नेऊन टाकलेला आहे.

आता डेटा नेमका किती भागाबद्दल सांगतो, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सर्वसाधारण समज असा की ०.१ ते १०० रेडियन प्रति सेकंद मोजलं म्हणजे ०.०१ ते १० सेकंदांचा स्पेक्ट्रम मिळाला. डेव्हिस आणि अँडरसन यांनी १९९७ साली गणिताने दाखवून दिलं की खरा भरवशाचा पट्टा याहून अरुंद असतो. दोन्ही टोकांना ४.८१ पटीने आत यावं लागतं. हा आकडा म्हणजे ई (२.७१८) या संख्येचा पाय (३.१४१६) भागिले दोन इतका घात. वरच्या उदाहरणात ०.०१ च्या जागी ०.०४८ सेकंद येतात आणि १० च्या जागी २.१ सेकंद. तीन डेकेड मोजून स्पेक्ट्रम हाती लागतो जेमतेम १.६ डेकेडचा. स्वीप दोनच डेकेडचा असेल तर उरतात ०.६ डेकेड, त्यात शिखर, दरी असलं काही शोधायलाच जाऊ नये.

ही दोन बंधनं ग्राफवर उभ्या तुटक रेघांनी दाखवा आणि रेघांबाहेरचा भाग फिकट रंगात ठेवा. एवढं केलं तरी उजव्या टोकाची भिंत आणि डाव्या टोकाचं शेपूट यांवरची चर्चा आपोआप थांबते.

दुसरी तपासणी: जोड

पट्टा रुंद करायचा म्हणून आपण वेगवेगळ्या तापमानांना मोजतो आणि स्वीप फ्रिक्वेन्सीच्या अक्षावर सरकवून एकच सलग वक्र, म्हणजे मास्टर कर्व्ह, बनवतो. किंवा कडक नमुन्याला ८ मिलिमीटर व्यासाची प्लेट आणि मऊ नमुन्याला २५ ची वापरून दोन्ही डेटा जोडतो. माझ्या पाहण्यातली सगळ्यात फसवी शिखरं या जोडांवर जन्मलेली आहेत.

विट्याच्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीचं पॉलिस्टायरीनचं काम पाहत होतो. १५० अंशांना छोटी प्लेट, १९० ला मोठी, मधल्या १७० अंशांवर आणून जोडलेला मास्टर कर्व्ह. लॉग-लॉग ग्राफवर जोड दिसतसुद्धा नव्हता. स्पेक्ट्रममध्ये मात्र ०.३ सेकंदांपाशी ठसठशीत उंचवटा. तिने त्याचा अर्थ दोन वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या असा लावून प्रकरणाचा कच्चा खर्डाही तयार केला होता. मी विचारलं, छोट्या प्लेटचा डेटा कुठे संपतो? म्हणाली, "सर, ३ रेडियनच्या आसपास." तीनचा व्यस्तांक ०.३३. उंचवटा बरोबर जोडावर बसलेला होता.

कारण भूमितीत आहे. समांतर प्लेटमध्ये मोजलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) नमुन्याच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ४ मिलिमीटर त्रिज्येच्या प्लेटवर ट्रिम करताना, म्हणजे बाहेर आलेली कड कापताना, नमुना ०.१ मिलिमीटर आत राहिला तर त्रिज्येत अडीच टक्क्यांची चूक, आणि मोड्युलस जवळजवळ दहा टक्के कमी. ०.१ मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाच्या एका पानाची जाडी. कड बाहेर फुगली की उलट, मोड्युलस जास्त. पाच डेकेडच्या लॉग ग्राफवर दहा टक्क्यांची पायरी डोळ्यांना दिसत नाही, पण प्रोग्रामला ती दिसते आणि ती भरून काढण्यासाठी तो तिथे एक घटक उभा करतो.

यावर एक सुंदर उपाय आहे. त्रिज्येची चूक दोन्ही मोड्युलसना सारख्याच पटीने बिघडवते, त्यामुळे त्यांच्या गुणोत्तरात, म्हणजे टॅन डेल्टात, ती उरतच नाही. म्हणून टॅन डेल्टा किंवा फेज अँगल (ज्याचा टॅन्जंट म्हणजे टॅन डेल्टा, तो कोन) फ्रिक्वेन्सीसमोर साध्या स्केलवर काढा. जोडावर फेज अँगल सलग असेल आणि मोड्युलसमध्ये पायरी असेल, तर दोष भरण्याचा किंवा ट्रिमिंगचा. एका भागाला एकाच स्थिरांकाने गुणून पायरी काढा आणि तसं स्पष्ट लिहा. फेज अँगलच तुटत असेल तर गुणून भागणार नाही: तापमान स्थिरावलेलं नव्हतं, नमुना बदलला, किंवा ते मटेरियल असं सरकवून जोडण्याजोगंच नाही. त्या मुलीच्या डेटात फेज अँगल सलग होता. छोट्या प्लेटचा भाग गुणून वर घेतला आणि उंचवटा गेला. खर्डा बदलावा लागला, पण व्हायव्हाच्या आधी.

तापमानांच्या जोडातही हाच क्रम पाळा: आधी टॅन डेल्टावरून आडवं सरकवणं ठरवा, मग उभं. उभं सरकवणं बरेच जण सोडूनच देतात. पण मोड्युलस घनता आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराबरोबर बदलतो. पॉलिस्टायरीनला १५० वरून १९० अंशांवर नेलं तर तापमानाचं गुणोत्तर ४६३ भागिले ४२३, त्यातून घनतेची घट वजा जाता साधारण सात टक्के उरतात. वर ट्रिमिंगचे दहा टक्के त्याच दिशेने पडले, की शिखर आलंच म्हणून समजा.

सरकवण्याचे आकडे तपासायला विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांचं १९५५ चं समीकरण आहेच. तुमचे शिफ्ट फॅक्टर (कोणत्या तापमानाचा स्वीप किती पट सरकवला ते आकडे) त्या वक्रावर गुळगुळीत बसत नसतील, एखादाच बिंदू बाजूला पडत असेल, तर त्या तापमानाचा स्वीप पुन्हा घ्या.

कमी फ्रिक्वेन्सीचं टोक

वाहणाऱ्या नमुन्यात दीर्घ कालावधीला एक छोटंसं वेगळं शिखर दिसतं आणि लोक त्याला जड रेणू, फांद्या, जाळं अशी नावं देतात. तिथला फेज अँगल पाहा. तो ८९ अंश असेल तर स्टोरेज मोड्युलस हा एकूण मोड्युलसच्या पावणेदोन टक्के इतकाच असतो, आणि फेज अँगलमध्ये ०.१ अंशाची चूक झाली तर स्टोरेज मोड्युलस दहा टक्क्यांनी चुकतो. ८५ अंशांवर हीच चूक दोन टक्क्यांवर येते. म्हणून ८८ अंशांच्या पुढचे स्टोरेज मोड्युलसचे बिंदू मी फिटमधून वगळतो, लॉस मोड्युलसचे ठेवतो. टॉर्क यंत्राच्या किमान मर्यादेजवळ आला असेल तर दोन्ही वगळा. स्वीपच्या फाइलमध्ये टॉर्क आणि कच्चा (दुरुस्तीआधीचा) फेज अँगल हे दोन रकाने हमखास सेव्ह करा. नंतर पश्चात्ताप होतो तो यांच्यासाठीच.

द्रव नमुन्यात एक पडताळाही फुकट मिळतो. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक घटकाचा मोड्युलस गुणिले कालावधी करून बेरीज घेतली की शून्य-शिअर व्हिस्कॉसिटी (अगदी सावकाश वाहतानाचा दाटपणा) यायला हवी. तीच रोटेशन चाचणीत अगदी कमी वेगाला वेगळी मोजता येते. दोन्ही जुळत नसतील तर दीर्घ कालावधीच्या शेपटावर भरवसा ठेवू नका.

दुसऱ्या टोकाला, पातळ नमुन्यात आणि जास्त फ्रिक्वेन्सीला, यंत्राच्या फिरत्या भागाचं जडत्व आडवं येतं. त्याचा टॉर्क फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो. कच्चा फेज अँगल १८० अंशांकडे झुकायला लागला की तिथून पुढचा डेटा कापा.

मोजता मोजता नमुना बदलतो

०.०१ रेडियन प्रति सेकंदला एक आवर्तन पूर्ण व्हायला ६२८ सेकंद लागतात, साडेदहा मिनिटं. खालचे चार-पाच बिंदू घेताना तास-दीड तास सहज जातो. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात गवार गमच्या जेलची कड तेवढ्यात वाळून चामड्यासारखी होते. काकवीच्या कडेलाही साय धरल्यासारखं होतं आणि पुढे साखरेचे कण दिसायला लागतात. मोड्युलस चढतो आणि स्पेक्ट्रममध्ये दीर्घ कालावधीचं शिखर उभं राहतं. पाण्याच्या नमुन्याला कडेभोवती पातळ सिलिकॉन तेलाचं कडं करा, वर झाकण ठेवा. स्वीप जास्तीकडून कमीकडे घ्या, आणि शेवटचा बिंदू झाल्यावर सुरुवातीची फ्रिक्वेन्सी पुन्हा मोजा. पहिल्या आणि शेवटच्या वाचनात पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्या स्वीपचा स्पेक्ट्रम काढू नका. ही एक सवय लावून घेतलीत तर बाकीच्या अर्ध्या लेखाची गरज पडणार नाही.

रबरवाल्यांसाठी

व्हल्कनाइझ केलेलं रबर पूर्ण कधीच सैलावत नाही, शेवटी समतोल मोड्युलस उरतो. प्रोग्राममध्ये त्याची वेगळी सोय नसेल किंवा तो पर्याय बंद असेल, तर हा सगळा भार प्रोग्राम सर्वांत मोठ्या कालावधीच्या माथी मारतो. उजवीकडची भिंत ती हीच. पर्याय चालू करा, भिंत जाईल.

रिओमीटर नसताना टेन्साइल मशिनवर ताण-शिथिलन घेत असाल तर सुरुवातीची ओढ किती वेळात पूर्ण झाली ते लिहून ठेवा. ती क्षणात होत नाही. ओढीला २ सेकंद लागले असतील तर पहिले २० सेकंद फिटमध्ये धरू नका, नाहीतर छोट्या कालावधीला हमखास खोटं शिखर येईल.

आणि स्पेक्ट्रम फक्त सिम्युलेशनच्या प्रोनी मालिकेसाठी (मोजक्या घटकांच्या बेरजेसाठी) हवा असेल, तर शिखर खरं की खोटं यात फार जीव अडकवू नका. दर डेकेडला एक, फार तर दोन घटक घ्या, मोजलेल्या पट्ट्यात मोड्युलस बरोबर येतो का ते पाहा आणि पट्ट्याबाहेर तो वापरू नका. माउंटच्या डिझाइनला तेवढं पुरतं. त्या घटकांना रेणूंचा अर्थ चिकटवायचा नाही, एवढंच पथ्य.

आता प्रोग्राम

डेटा स्वच्छ झाला की इथे यावं. दोन गोष्टी बघायच्या.

फिट सापेक्ष चुकीवर चालतो की निरपेक्ष? स्टोरेज मोड्युलस एका टोकाला १ पास्कल आणि दुसऱ्या टोकाला १ लाख असू शकतो. निरपेक्ष चुकीवर चालवलं तर खालच्या टोकाच्या बिंदूंना काही किंमतच उरत नाही. प्रत्येक बिंदूची चूक त्याच्याच मूल्याने भागलेली हवी. बाउमगार्टेल आणि विंटर यांनी १९८९ साली मोजक्या घटकांची जी पद्धत दिली तीही अशीच सापेक्ष चुकीवर चालते.

मग लॅम्डा. तिखोनोव्ह यांच्या १९६३ च्या पद्धतीत फिटच्या चुकीला स्पेक्ट्रमच्या खडबडीतपणाचा दंड जोडतात आणि दंड किती हे लॅम्डा ठरवतो. तो फार लहान ठेवला तर काट्यांची रांग उभी राहते, फार मोठा ठेवला तर खरी दोन शिखरंही एकात मिसळतात. एल-कर्व्हच्या (फिटची चूक आणि खडबडीतपणा एकमेकांसमोर मांडलेल्या ग्राफच्या) कोपऱ्यावरून लॅम्डा निवडा, पण तिथे थांबू नका: दहापट लहान आणि दहापट मोठ्या लॅम्डालाही चालवून तिन्ही स्पेक्ट्रम एकाच ग्राफवर ठेवा. तिन्हींत टिकलेलं शिखर बोलण्याजोगं. ऋण मूल्यं येत असतील तर स्पेक्ट्रमच्या लॉगवर काम करणारा प्रोग्राम घ्या. होनरकाम्प आणि वीझे यांनी १९९३ साली ही वाट दाखवली, आणि शानभाग यांचा पाय-रिस्पेक्ट हा मोफत पायथन प्रोग्राम याच धर्तीवर चालतो. नुसत्या नॉन-निगेटिव्ह लीस्ट स्क्वेअर्सने (घटक ऋण होऊ न देता केलेल्या साध्या फिटने) काढलेले सुटे काटे हे त्या पद्धतीचं लक्षण आहे, ते पाहून नमुन्यात तेवढेच कालावधी आहेत असं समजू नका.

खोटा डेटा बनवून खरी परीक्षा

एवढं करूनही शिखर उरलं आणि त्यावर तुम्हाला काही लिहायचं असेल, तर एक शेवटचं काम करा. ज्यात ते शिखर नाही असा साधा, एकाच रुंद उंचवट्याचा स्पेक्ट्रम घ्या. त्यावरून तुमच्याच फ्रिक्वेन्सींना दोन्ही मोड्युलस काढा, तीन टक्के यादृच्छिक चूक मिसळा आणि तोच प्रोग्राम, त्याच सेटिंगने चालवा. असं पन्नासेक वेळा करा. कॉम्प्युटरला काही मिनिटं लागतील. त्या पन्नासांत तुमच्यासारखं शिखर पाच-सात वेळा आपोआप येत असेल, तर तुमचा डेटा ते सिद्ध करायला पुरेसा नाही. एकदाही येत नसेल तर दोन ताजे नमुने भरून स्वीप घ्या. तिन्ही स्वतंत्र भरण्यांत शिखर त्याच जागी आलं, तर नमुन्यात काहीतरी खरोखर आहे.

कोणाला डेटा दाखवून मदत मागायची असेल तर स्पेक्ट्रमचं चित्र एकटं पाठवू नका. कच्ची फाइल, टॉर्क आणि कच्च्या फेज अँगलच्या रकान्यांसकट, प्लेटचा व्यास आणि गॅप, कोणत्या तापमानाचा भाग कुठे संपतो, शिफ्ट फॅक्टर, आणि स्वीपच्या आधीची व नंतरची तुलना. हे सोबत असेल तर दोष कुठला ते बहुतेक वेळा एका बैठकीत सांगता येतं.